दोऱ्याएवढी धार

अक्का, परवा बातम्यांत सांगितलं की लेस्टरमध्ये या आठवड्यात पारा उणे सहावर जाणार, आणि मी सवयीनं तुम्हाला फोन लावला. चांगला पाच-सहा वेळा वाजू दिला. मग लक्षात आलं की दोन गल्ल्या पलीकडच्या बंद घरात तो वाजतोय आणि उचलायला कोणी नाही. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. पहिल्या गारठ्याच्या आदल्या दिवशी तुमचा फोन यायचा, नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम "शालन, नळ सोडलास का?" यंदा तो आला नाही म्हणून बहुतेक मीच लावला असेल.

आज दुपारी अनघा आणि मी तुमच्या घरी गेलो होतो. तिथे जे झालं ते सांगायला बसले आहे. पण त्याच्या आधी तेहतीस वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. खरं तर ते तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

मी या घरात धाकटी जाऊ म्हणून आले तो नोव्हेंबर होता. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतलं, भिंतीला भिंत लागलेल्या ओळीतलं ते चिंचोळं टेरेस हाउस, त्यात तुम्ही, भावोजी, तुमची सात वर्षांची अनघा आणि आता आम्ही दोघं. दोन भाऊ सकाळी डबे घेऊन बाहेर पडले की उरलेलं घर तुमचं. तुम्ही दिवसभर होजिअरीच्या फॅक्टरीत ओव्हरलॉकच्या मशीनवर बसायचात आणि संध्याकाळी घरी गावभरच्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवायचात. पहिल्या रविवारी मला वाटलं तुम्ही मला देवळात न्याल, नाहीतर साड्यांची दुकानं दाखवाल. तुम्ही मला स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटासमोर गुडघ्यांवर बसवलंत. आत हात घालून एक पितळी कॉक दाखवलात आणि म्हणालात, "हा स्टॉपकॉक. उजवीकडे फिरवला की सगळ्या घराचं पाणी बंद. या देशात काही झालं तर आधी इथे हात घालायचा, आरडाओरडा नंतर."

मग शिडी लावून मला छपराखालच्या लॉफ्टवर चढवलंत. अंगावर नवी नवरीची साडी, वर कोळिष्टकं. तिथे पाण्याची टाकी होती आणि तिच्याकडे येणारे-जाणारे तांब्याचे पाइप होते, आणि त्या पाइपांना तुम्ही चक्क कपडे घातले होते! जुन्या सुती साड्यांचे दोन थर, मध्ये फॅक्टरीतली लोकरीची कात्रणं, वरून धावदोरा, आणि बाजूला बांधायला नाड्या. सरळ पाइपांना लांब झबली, कोपऱ्यांना छोटी झबली, वॉल्व्हला टोपडं. नाड्यासुद्धा फुलगाठीनं बांधलेल्या. मी खोखो हसले. तुम्ही म्हणालात, "हस बाई. पण टाकीच्या खाली काही घालू नकोस हं, खालची ऊब तिला लागू दे." भावोजी या सगळ्याला चिंध्यांचा संसार म्हणायचे. त्यांना फोमच्या तयार नळ्या आणायच्या होत्या आणि तुम्हाला त्या मेल्या करड्या नळ्या डोळ्यासमोर नको होत्या.

झबल्यांपर्यंत आपलं छान जमलं. घोडं पेंड खायचं ते नळापाशी.

कडाक्याची थंडी पडली की तुम्ही वरच्या बाथरूममधला गार पाण्याचा नळ किंचित सोडून ठेवायचात. शिवणाच्या दोऱ्याएवढी धार. त्यानं टाकीतलं पाणी हलतं राहतं, टाकीत नवं येत राहतं, आणि हलतं पाणी सहसा गोठत नाही. मला तुम्ही हे तीनदा समजावलंत. डोक्याला पटलं होतं, अक्का, हाताला पटत नव्हतं. जालन्याजवळच्या आमच्या गावात आठवड्यातून एकदा टँकर यायचा. हंड्यांच्या रांगेत मी दहावीचा अभ्यास केला. वाहता नळ दिसला की माझा हात आपोआप तो बंद करायला जायचा, अजून जातो. आणि तुम्ही गुहागरकडच्या, परसात बारमाही विहीर, पाय धुवायला दोन-दोन कळश्या ओतणाऱ्या.

"आमच्याकडे एवढ्या धारेवर एक घर जगतं," मी म्हटलं होतं.

"तुमच्याकडे पाणी गोठतं का?"

"गोठायला आधी यावं लागतं."

तुम्ही हसून हसून शिलाई मशीनवर डोकं टेकलंत. पण नळ काही बंद केला नाहीत.

आणि माझी दुसरी खोड तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळली होती. मी नळ बंद करत नाही, पिळते. थेंब गळू नये म्हणून शेवटचा एक पिळा द्यायचाच. बाथरूमच्या त्या जुन्या नळाला फुलीसारखी चार टोकांची मूठ होती. मी बंद केल्यावर तो घरात कोणालाच उघडायचा नाही. अनघा दारातून ओरडायची, "काकूनी टॅप लॉक केला!" तुम्ही म्हणायचात, "अगं, वायसर झिजतो त्यानं. नळ आहे, कोंबडीची मान नाही." पालथ्या घड्यावर पाणी.

जानेवारी संपता संपता ह्यांच्या मावसभावानं ब्रिस्टलला घर घेतलं आणि वास्तुशांतीला आपण सगळे निघालो. शनिवारी सकाळी निघून सोमवारी परत. बाहेर कारच्या काचेवर बर्फाचा थर होता आणि भावोजी जुन्या कॅसेटच्या कव्हरनं तो खरवडत होते. त्यांनी हीटिंग बंद केलं होतं. रिकामं घर कोणासाठी तापवायचं, हा त्यांचा मुद्दा. तुम्ही दारात उभ्या राहून भांडलात, कधी नाही ते आवाज चढवलात, आणि हरलात. मग गुपचूप वर जाऊन लॉफ्टचं झाकण उघडं ठेवलंत, नळाला दोऱ्याएवढी धार लावलीत आणि खाली येऊन मला हळूच म्हणालात, "आता निदान एवढं तरी असू दे."

आपण गाडीत बसलो आणि मला आठवलं की दशम्यांचा डबा ओट्यावरच राहिला. ते खरंच होतं, अक्का. मी डब्यासाठीच आत गेले. पण घरात कोणी नव्हतं, रेडिओ नव्हता, मशीनची घरघर नव्हती, आणि त्या शांततेत वरून पाण्याचा आवाज येत होता. तुम्ही सगळे असताना तो मला कधी एवढा ऐकू आला नव्हता. दोन दिवस हे असंच वाहणार, असं मनात आलं. डबा हातात धरूनच मी जिना चढले. नळ बंद केला आणि सवयीनं शेवटचा पिळा दिला. लगेच इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खाली येऊन गाडीत बसले. तुम्ही विचारलंत, "काही विसरलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही, चला."

सोमवारी दुपारी परत आलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि सगळ्या गल्लीत छपरांवरून बर्फ घसरत होता. दार उघडलं तर जिन्यावरून पाणी पायरी पायरी उतरत होतं. भावोजी "अरे, अरे" करत उंबऱ्यात उभे, हे त्यांच्या मागे. तुम्ही दोघांना ढकलून स्वयंपाकघरात गेलात आणि पहिल्यांदा स्टॉपकॉक फिरवलात. आरडाओरडा केलाच नाहीत, ना आधी ना नंतर.

टाकीकडे येणारा पाइप वर फुटला होता. तुमच्या खोलीचं सीलिंग पलंगावर येऊन पडलं होतं. कपाटावर तुमचा तो मोठा खोका होता, ब्राउन पेपरच्या कटिंगचा. वीस वर्षांची मापं. प्रत्येक बाईचा ब्लाउज कागदात कापलेला, पाठ वेगळी, बाही वेगळी, आणि वर शाईनं नाव. त्याचा लगदा झाला होता. तुम्ही एक तुकडा उचललात, तो हातातच फाटला, आणि तुम्ही तो परत होता तिथे ठेवलात. तुमचं दुकान काढायचं चाललं होतं तेव्हा. त्या खोक्याच्या भरवशावरच तुम्ही फॅक्टरी सोडणार होतात, आणि हे घरात माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

टाकी रिकामी करायला तुम्ही एकट्याच बाथरूममध्ये गेलात. बराच वेळ लागला. मग पाण्याचा आवाज आला, आणि तुम्ही उजव्या तळव्याला पदर गुंडाळून जिना उतरलात.

"लागलं का?" मी विचारलं.

"काही नाही गं."

भावोजी जिन्याच्या खाली उभे होते. म्हणाले, "नळ सोडला होतास ना? का नुसतीच भांडलीस माझ्याशी?"

तुम्ही कोणाकडे पाहिलंत मला माहीत नाही, कारण मी कार्पेटकडे पाहत होते. तुमचा आवाज ऐकला फक्त. "विसरले असेन."

तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. तीन महिन्यांची नवी सून, भावोजींचा राग, सगळं खरं. पण ती कारणं आठवडाभर पुरली असती. पुढे भीती गेली आणि पहिल्या दिवशी का नाही सांगितलं याची लाज उरली, आणि ती दर वर्षी वाढत गेली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले ती बसलेच. फिटरनं येऊन तुमची झबली ओरबाडून काळ्या पिशवीत भरली आणि करड्या नळ्या चढवल्या, तेव्हाही मी त्याला चहा करून दिला आणि गप्प राहिले.

सगळ्यात वाईट होती ती घरात रुजलेली म्हण. तुम्ही भाजीत मीठ विसरलात, किल्ली विसरलात, अनघाच्या शाळेतली पेरेंट्स ईव्हनिंग विसरलात की भावोजी म्हणायचे, "झालं का नळासारखं?" मग अनघाही म्हणायला लागली. मग ब्रिस्टलचे पाहुणेसुद्धा. तुम्ही प्रत्येक वेळी हसायचात. मी प्रत्येक वेळी उठून काहीतरी आवरायला घ्यायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात तर भर दुपारी चांदणं.

दुकान त्या वर्षी राहिलं ते राहिलंच. पण मापं तुम्ही पुन्हा घेतलीत. मार्चपासून दर रविवारी बायका यायच्या, तुमच्या हातात टेप आणि माझ्या हातात वही. तुम्ही टेप लावायच्या आधी गंभीर चेहऱ्यानं विचारायचात, "आधीचंच लिहू की खरं?" त्या रविवारांनी मला शिवण शिकवलं, अक्का. कटोरी कशी बसवायची, गळा ओढत असेल तर चूक गळ्यात नसते, खांद्यात असते. पुढे मी तीस वर्षं शिवलं, त्यावर आमच्या घराचा हप्ता गेला. पाणी मी फिरवलं तुमच्या धंद्यावर, आणि धंदा तुम्ही मला शिकवलात. हे मी मनात रोज म्हटलं, तुम्हाला कधीच म्हटलं नाही.

पुढच्या ऑक्टोबरात तुम्ही पुन्हा झबली शिवायला घेतलीत, फिटरच्या फोमच्या वरून घालायला! भावोजींनी कपाळाला हात लावला. जुन्या साड्या सगळ्या आधीच्या झबल्यांत गेल्या होत्या. मी माझी हिरवी इरकल आणून तुमच्यासमोर ठेवली, माहेरची, एकदाच नेसलेली.

"ही कापायची?" तुम्ही विचारलंत.

"कापा."

"का गं?"

"वॉल्व्हला टोपडं हवं ना चांगलं."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं आता विचारणार, आणि विचारलंत तर सांगणार होते, शपथ. तुम्ही कात्री उचललीत. पदराकडून सुरुवात केलीत आणि म्हणालात, "काठ टोपड्याला घेते. दिसेल तरी छान."

त्याच हिवाळ्यापासून तुम्ही धारेखाली पिवळी बादली ठेवायला लागलात. सकाळी मला हाक यायची, "शालन, तुझं पाणी ने." मी ते कढीपत्त्याच्या कुंडीला घालायचे, कपडे भिजवायचे, जिना पुसायचे. मला वाटायचं आपल्या भांडणात तुम्ही अर्धं पाऊल मागे आलात. मग आम्ही दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं, तिथे नव्या पद्धतीचा बॉयलर, लॉफ्टमध्ये टाकीच नाही. तरी तुमचा फोन यायचाच. मी तुम्हाला शिकवायला जायचे की अक्का, आता बॉयलरचं पाणी बाहेर सोडणारा तो पांढरा पाइप गोठतो, त्यावर कोमट पाणी घालायचं असतं. तुम्ही म्हणायचात, "कोमट ना? उकळतं नको हं." तुम्हाला आधीच माहीत असायचं.

भावोजी गेल्यावर तुम्ही एकट्याच राहिलात त्या घरात, आणि दोन वर्षांपूर्वी खरोखरच विसरायला लागलात. अनघानं तुम्हाला मेमरी क्लिनिकला नेलं. मीही आले होते. डॉक्टरीणबाई भली होती, हळू बोलत होती. तिनं विचारलं, हे विसरणं कधीपासूनचं? आणि अनघा चटकन म्हणाली की आई आधीपासूनच अशी आहे, मी सात वर्षांची असताना एकदा तिनं विसरून अख्खं घर भिजवलं. डॉक्टरीणबाईनं ते लिहून घेतलं. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत होते. माझी खोटी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत तुमच्या कागदांवर चढली आणि मी खुर्चीचा हात धरून बसले. तुम्ही तुमचा हात माझ्या हातावर ठेवलात. मला वाटलं तुम्हाला भीती वाटतेय, म्हणून मी तो दाबला.

त्या दिवसापासून एकच प्रश्न माझ्या मागे लागला. या बाईनं स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा माझ्यामुळे तर नाही घालवला? तेव्हा विसरले, म्हणजे आपण विसरणाऱ्याच, असं तर नाही धरून बसल्या? शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तुम्ही मला दोनदा विचारलंत, "नळ?" मी दोनदा म्हटलं, "सोडलाय, अक्का." एवढं बोलता आलं, तर पुढचं एक वाक्य का नाही आलं? तुम्ही गेलात आणि मला वाटलं की आता हे कळायची वाटच बंद झाली.

आता आजचं. घर विकेपर्यंत रिकामं राहणार, म्हणून इन्शुरन्सवाल्यांनी पाणी पूर्ण काढून टाकायला सांगितलं. अनघा काल तिच्या घरून, ब्रिस्टलहून आली. बॉयलर आणि रेडिएटर सकाळी प्लंबर रिकामे करून गेला, स्टॉपकॉकही त्यानं बंद केला, आणि म्हणाला, आता फक्त सगळे नळ उघडा आणि उघडेच ठेवा. मी खालचे उघडत होते. अनघा वर गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "काकू! हा टॅप हलतच नाय. कोणी बंद केला असा? It's absolutely stuck."

मीच केला होता, तोच जुना नळ. गेले तीन आठवडे रोज तुमच्या घरी जाऊन दिवा लावते, वरच्या बाथरूममध्ये हात धुते.

"मी येते," म्हणेपर्यंत अनघा जिन्यावर आली, डाव्या हातानं उजवा तळवा चोळत. "बघ ना काय झालं," म्हणून तिनं हात पुढे केला. तळव्याच्या मधोमध लालभडक फुली उठली होती.

अक्का, मी तिथेच पायरीवर बसले. मला तुमचा पदर दिसला, तळव्याला गुंडाळलेला. तुम्ही काय झाकत होतात ते मला तेहतीस वर्षांनी दिसलं. तो नळ तुम्ही सोडायला विसरला नव्हतात, तसा नुसता बंद असता तर तुमच्या एका बोटानं फिरला असता. तो पिळलेला होता. आणि घरात नळ पिळणारी एकच होती. जिना उतरायच्या आधी तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि खाली येऊन तुम्ही म्हणालात, विसरले असेन.

मी अनघाला सांगितलं. डब्यापासून सगळं. ती तळवा चोळत ऐकत होती. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"हो. तेव्हाच."

"आणि तू क्लिनिकमध्ये माझ्या बाजूला बसली होतीस. I told them, काकू. मी त्यांना सांगितलं की आई नेहमीच अशी होती. तू का नाय बोललीस?"

मी म्हटलं, "लाज वाटली." ती म्हणाली, "मी लहानपणापासून तिला हसले त्याच्यावरून." आणि ती उठून लॉफ्टवर निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. तिचा राग खरा आहे आणि तो माझ्याच वाट्याचा आहे, तुमच्याकडून तो कधी आलाच नाही म्हणून तिच्याकडून आला. क्लिनिकमध्ये तुम्ही माझ्या हातावर हात का ठेवलात, तेही मला त्या पायरीवर कळलं. तुम्हाला भीती वाटत नव्हती. तुम्ही मला गप्प बसायची परवानगी देत होतात.

पण हे बरोबर नव्हतं हो, अक्का. आता भांडते तुमच्याशी. तुम्ही मला एकदा तरी रागवायला हवं होतं. स्वयंपाकघरात दार लावून दोन थोबाडीत द्यायच्या होत्यात. इतकं सांभाळलंत की माझी माफी मागायची संधीसुद्धा सांभाळून ठेवलीत आणि घेऊन गेलात. ब्राउन पेपरचा तो तुकडा हातात फाटला तेव्हा तुम्ही कोणाला दोष दिलात मनात? की दिलाच नाहीत? हे मात्र मला कुठल्याच नळाच्या मुठीवरून कळणार नाही.

मी वर गेले आणि माझा नळ मीच उघडला. मुठीला पदर गुंडाळावा लागला. धो धो पाणी सुटलं. वरच्या टाकीतलं सगळं त्या एका नळातून जायचं होतं आणि मी टबाच्या काठावर बसून ते जाताना ऐकत होते. आमच्या गावच्या बायकांनी बघितलं असतं तर मला वेशीबाहेर काढलं असतं. दाराआड तुमची पिवळी बादली होती. मी ती भरून घेतली, राहवलं नाही. बाकीचं जाऊ दिलं. बरीच मिनिटं लागली. शेवटी नळ दोऱ्याएवढा झाला, मग थेंब, मग त्यातून नुसतीच हवा आली.

अनघा लॉफ्टवरून उतरली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं होती आणि हातात हिरव्या इरकलीच्या काठाचं टोपडं. डोळे पुसलेले दिसत होते. "हा मी ठेवते," ती म्हणाली. मग बादलीकडे पाहिलं. "आणि हे काय?"

"कढीपत्त्याला."

ती हसली नाही. पण बादलीची दुसरी बाजू तिनं धरली, आणि दोघींनी ती जिन्यावरून सांडू न देता खाली आणली. दारात थांबून म्हणाली, "मी डॉक्टरला लेटर लिहिणार. आता काय उपयोग नाय, but I want it corrected." मी म्हटलं, लिही, माझं नाव घालून लिही.

तेव्हा अक्का, नळ मी बंद केला होता. तुम्हाला माहीत होतं हे मला आता माहीत आहे, तरी माझ्या तोंडून एकदा जायला हवं. नळ मी बंद केला होता. तुम्ही काहीही विसरला नव्हतात.

बादली पायांत धरून मी गाडीत बसले. तुमचं घर काळोखात उभं होतं, आत सगळे नळ सताड उघडे. अनघानं गाडी सुरू केली, काच पुसली, आणि अगदी तुमच्यासारखं मान वळवून विचारलं, "काकू, काही विसरलं नाय ना?"

मी म्हटलं, "नाही. चल."